कोट्याची फरशी पुन्हा पुन्हा पांढरी पडते: आधी पांढरं ओळखा, मग हात लावा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "फरशी पांढरी पडलीय." पुसली की जाते, वाळली की परत. गणपतीच्या आधी कोणीतरी ॲसिडने घासून देतं, सणापुरतं बरं दिसतं, आणि दिवाळी येईतो आधीपेक्षा जास्त जागा पांढरी झालेली असते. इंदूरच्या मराठी घरांतून हे मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ॲसिड लावलंत का? उत्तर बहुतेक वेळा "थोडंसंच" असं असतं.

इथे याच एका तक्रारीचा माग काढायचा आहे. टाइल्स आणि ग्रॅनाइट ओघात येतीलच, कारण आपल्याकडे घरात सगळंच असतं: हॉलमध्ये कोटा, ओट्याला ग्रॅनाइट, मोरीत सिरॅमिक टाइल्स, देवघराखाली मार्बलचा तुकडा. पुसायला मात्र बाटली एकच. घोळ तिथूनच सुरू होतो.

डागही चुन्याचा, दगडही चुन्याचा

कोटा येतो राजस्थानातल्या कोटा जिल्ह्यातून, मुख्यतः रामगंजमंडीकडच्या खाणींतून. माळव्याला तो जवळ पडतो, म्हणून इथे घरोघरी दिसतो. हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट. मार्बलही तेच, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिक नव्याने जुळलेले असतात एवढाच फरक. आता गंमत बघा. बोरिंगचं जड पाणी वाळल्यावर जो पांढरा थर मागे राहतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. जमिनीतल्या पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी उडून गेलं, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट फरशीवर बसतं.

म्हणजे थर काढायला आणलेल्या ॲसिडला, थर कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली, हे कळायचा मार्गच नाही. ओतल्यावर फसफस फेस येतो आणि आपण खूश होतो, की बघा कसा मळ निघतोय. निघत असते ती फरशी. तो फेस म्हणजे दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड.

दुकानात सुटं मिळणारं ॲसिड, ज्याला इथे सगळे तेजाब म्हणतात, ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक असतं. टॉयलेट साफ करायच्या बाटल्यांतही सहसा तेच असतं, पातळ केलेलं. चुनखडीशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हे मीठ पाण्यात सहज विरघळतं, आणि त्याचा दुसरा गुण आपल्याला जास्त छळतो: ते हवेतली ओल ओढून घेतं. धुताना ते नीट निघालं नाही, तर दगडाच्या छिद्रांत बसून राहतं. मग श्रावणात फरशीचा तेवढाच तुकडा चिकट, ओलसर लागतो आणि त्यावर उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाचे पाय गंजतात. लोक म्हणतात फरशी घामेजली. खरं तर आधीच्या वर्षीचं ॲसिड बोलत असतं.

चार प्रकारचं पांढरं

इंदूरच्या सुदामानगरात एका ओळखीच्या काकूंकडे हे सगळे प्रकार एकाच मजल्यावर बघायला मिळाले. जुनं तळमजल्याचं घर, पुढे छोटं अंगण, हॉलपासून मागच्या मोरीपर्यंत सलग हिरवट कोटा. काकू म्हणाल्या, "अगं, सगळी फरशीच खराब निघाली. मिस्त्री म्हणतो, तेजाब मार देंगे, चमक जाएगी." मी म्हटलं, "काकू, त्याला आज नको बोलावू. आधी नुसतं बोट फिरवून बघू या."

खिडकीपाशी, कूलर ठेवायच्या जागी, स्टँडच्या चार पायांभोवती पांढऱ्या कडा होत्या. नखाने खरवडलं तर खडखडीत, दगडाच्या पातळीपेक्षा किंचित वर आलेल्या. हा जड पाण्याचा क्षार.

मोरीला लागून असलेल्या भिंतीशी, फरश्यांच्या सांध्यांवर आणि सांध्यांपासून आत दोन-तीन बोटं, पिठासारखी भुकटी होती. बोट लावलं की बोटाला आली. झाडूने निघाली. काकू म्हणाल्या, हे रोज निघतं आणि रोज येतं. हा लोणा. भिंतीला लागतो तोच, इथे जमिनीला लागलेला.

देवघरासमोर हाताच्या पंजाएवढा चट्टा होता. बोटाला काही येत नाही, नखाला काही लागत नाही, पण उजेड तिरका पडला की चमक नाही. कडा ओघळासारखी. बाजूला थेंब पडल्यासारखे सुटे ठिपके. काकू दर सणाला देवाची पितळी भांडी तिथेच बसून चिंच-लिंबाने घासतात. लिंबू काय, चिंच काय, दह्याचं पंचामृत काय, दगडाच्या दृष्टीने सगळी ॲसिडंच. हा डाग नव्हे, चरलेला दगड आहे. इथे बसलेलं काहीच नाही, उलट काहीतरी गेलेलं आहे.

आणि हॉलभर एक सारखी धुरकट झाक, जिच्यावर अनवाणी पावलं उमटतात. दाराच्या उंबऱ्यापाशी, जिथे पोछा कधी नीट पोचत नाही, तिथे मात्र फरशी चांगली गडद. हा फिनेल आणि लिक्विडचा न निघालेला थर.

घरी तपासताना एक लक्षात ठेवायचं. ओलं केल्यावर यातलं जवळपास सगळंच नाहीसं दिसतं, त्यामुळे "पुसल्यावर जातं" या माहितीचा काही उपयोग नाही. बाथरूमच्या खिडकीच्या दूधकाचेवर पाणी मारलं की पलीकडचं दिसायला लागतं, तसंच हे: खडबडीत पृष्ठभागात पाणी भरलं की उजेड विखुरत नाही. तपासणी कोरड्यावर, दिवसाउजेडी, आधी बोटाने आणि मग नखाने. भुकटी आली तर लोणा. कडक, उंच लागलं तर क्षार. काहीच हाती आलं नाही आणि आकार ओघळाचा किंवा भांड्याच्या बुडाचा असेल, तर चरलेला दगड. पावलं उमटत असतील तर साबणाचा थर.

इंटरनेटवर सांगतात तो "व्हिनेगरचा थेंब टाका, फेस आला तर क्षार" हा प्रयोग कोटा आणि मार्बलवर करू नका. फेस दगडातूनही येतो, म्हणून उत्तर काहीच मिळत नाही, वर एक नवा चट्टा पदरात पडतो. ग्रॅनाइट आणि टाइल्सवर हाच प्रयोग बिनधास्त चालतो.

साबणाचा थर: सगळ्यात सोपा, आणि सगळ्यात जास्त घरांत

इथे उपाय स्वस्त आहे म्हणून कोणाला पटत नाही. लिक्विड जास्त घातलं की जास्त स्वच्छ, ही समजूत घट्ट असते. शहराला २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिळू लागला तेव्हापासून तर पोछ्याच्या बादलीत दोन-दोन झाकणं जास्तच पडत असावीत.

एक दिवस फक्त कोमट पाण्याने पुसा, काही न घालता. बादलीतलं पाणी गढूळ, किंचित फेसाळ झालं, तर निदान बरोबर आहे. पाणी बदलून पुन्हा पुसा, फेस यायचा थांबेपर्यंत. त्यानंतर रोजच्याला अर्ध्या बादलीला एक छोटं झाकण सौम्य लिक्विड पुरे. बाटलीवर "पीएच न्यूट्रल", म्हणजे ना ॲसिड ना अल्कली, असं लिहिलेलं बघून घ्या. लिंबाचा वास आणि लिंबाचं चित्र असलेली बाटली उलटून मागचं बारीक वाचा. नुसता वास असेल तर हरकत नाही, सायट्रिक ॲसिड असेल तर ती मोरीच्या टाइल्सना ठेवा.

दोन बादल्या ठेवता आल्या तर फार फरक पडतो: एकीत लिक्विड, दुसरीत साधं पाणी, आणि पोछा आधी साध्या पाण्यात पिळायचा. कामाला येणाऱ्या बाईंना हे एकदा करून दाखवावं लागतं. नुसतं सांगून होत नाही, कारण त्यांना पाच घरं उरकायची असतात आणि एका बादलीत काम लवकर होतं. दुसरी बादली आपण भरून ठेवली तर त्या वापरतात.

आणि पोछ्याआधी झाडू, नीट, कोपऱ्यापर्यंत. कोट्यातलं मुख्य खनिज कॅल्साइट. कठीणपणाच्या मोजपट्टीवर ते ३ वर आहे, वाळूतलं क्वार्ट्‌झ ७ वर. चपलेबरोबर आलेली वाळू पोछ्याखाली सापडली की ती पॉलिश कागदाचंच काम करते. दाराबाहेर एक आणि आत एक, अशी दोन पायपुसणी टाका.

क्षार: पाणी कुठलं आणि ते वाळतं कुठे

इंदूर बसाल्टच्या पठारावर आहे आणि या खडकातलं बोरिंगचं पाणी बऱ्याच भागांत जड निघतं. नर्मदेचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्य चढवून आणलं जातं. पहिला टप्पा १९७८ चा. ते बोरिंगच्या मानाने सौम्य. ज्यांच्याकडे दोन्ही लाइन आहेत त्यांनी पोछ्याची बादली नर्मदेच्या टाकीतूनच भरावी. एक दिवसाआड येणारं पाणी फरशीवर घालवायचं जिवावर येतं हे मला कळतं, पण एका बादलीने काही अडत नाही.

आकडा हवा असेल तर पाण्याची चाचणी करून घ्या आणि अहवालात एकूण काठिण्य बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ते चांगलं धरलंय, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. समजा तुमच्या बोरिंगचा आकडा ४०० आहे. मग दहा लिटरच्या बादलीत ४ ग्रॅम क्षार आहे. पोछ्यातून त्यातला थोडासाच फरशीवर राहतो. खरी गंमत कूलरची. मे महिन्यात मोठ्या कूलरने दिवसाला ५० लिटर पाणी उडवलं, तर २० ग्रॅम क्षार टाकीत उरतो, रोज. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीत आपण वरून पाणी ओततो. आठवड्याअखेरीस कूलरखाली गळणारा थेंब हा बोरिंगच्या पाण्याच्या कितीतरी पट खारट असतो. काकूंकडच्या त्या चार कडा इथूनच आल्या होत्या.

म्हणून कूलरची टाकी दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करायची, आणि ते पाणी मोरीत, अंगणात नव्हे, तुळशीत तर नव्हेच. स्टँडखाली प्लास्टिकचा ट्रे. कुंड्यांखालीही तेच; मातीच्या कुंडीच्या बुडातून पाझरलेलं पाणी कोट्यावर जे गोल उमटवतं ते काढताना नाकीनऊ येतात.

दुसरा उगम बऱ्याच घरांत मोठ्या कौतुकाने जपलेला असतो: आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून ते बादलीत धरतात आणि त्यानेच फरशी पुसतात. हेतू उत्तम. पण मशीनने पिण्याच्या पाण्यातून काढून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते संडासात टाका, चपला-गाडी धुवा, पण कोटा-मार्बलवर आणू नका. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरही नको, तिथे तर पांढरी झाक लगेच दिसते.

बसलेला थर काढायचा तो घासून, विरघळवून नव्हे. ती जागा कोमट पाण्याच्या फडक्याखाली अर्धा-एक तास झाकून ठेवा, मग प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड आडवं धरून खरवडा. फारच जाड असेल तर ब्लेड, पण ओल्यावर आणि जवळजवळ सपाट धरून. टोक टेकलं की ओरखडा. उरलेल्याला पांढरा, मऊ स्क्रबर. हिरवा नको, लोखंडी तारेचा तर अजिबात नको, तिचे तुकडे सांध्यात अडकतात आणि मग गंजाचे ठिपके येतात.

टाइल्स, नळ, ग्रॅनाइट यांचं मात्र वेगळं. तिथे अर्धा लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच, घालून लावा. पाच-दहा मिनिटांनी ब्रश मारा, भरपूर पाण्याने धुवा. टाइलच्या ग्लेझला काही होत नाही, पण सांध्यांतलं ग्राउट सिमेंटचं असतं आणि ॲसिड त्याला खातं. म्हणून आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे ॲसिड आत कमी शिरतं. तेजाबाने धुतलेल्या बाथरूममध्ये सांधे पोकळ झालेले, आणि नळांचं क्रोम काळं पडलेलं बघितलं असेलच. त्याची नुसती वाफही स्टीलला पुरते. नव्याने सांधे भरायचे असतील तर मोरीत आणि बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट घ्या, महाग पडतं पण पाणी पीत नाही.

लोणा: फरशीवर नाही, फरशीखाली बघा

हा प्रकार सगळ्यात चिवट, कारण जे दिसतं ते फक्त टोक. कोटा सहसा वाळू-सिमेंटच्या मालावर बसवलेला असतो. खालून ओल चढली की ती सिमेंटातले, मातीतले क्षार विरघळवून वर आणते. ओल हवेत उडते, क्षार सांध्यावर फुलून येतात. माळव्याची काळी माती पावसाचं पाणी धरून बसते, त्यामुळे तळमजल्याच्या जुन्या घरांत हा लोणा पाऊस संपल्यावर, अश्विन-कार्तिकात, हवा कोरडी झाली की जोरात दिसतो. लोकांना कोडं पडतं की पावसाळा तर संपला, मग आता का? वाळताना येतो, म्हणून.

पाण्याने धुणं ही इथली सगळ्यात मोठी गफलत. धुतल्यावर क्षार विरघळून परत दगडात जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतात. कोरड्या ब्रशने झाडा, सुपलीत गोळा करा, घराबाहेर टाका. मग शोध घ्या.

पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दोन फूट चौकोनी तुकडा त्या जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बाष्प धरलं किंवा खालची फरशी गडद झाली, तर ओल खालून येतेय. वरच्याच बाजूला दमटपणा असेल तर ती हवेतली. भर पावसाळ्यात हा प्रयोग फसवतो, दसऱ्यानंतर करा.

ओल खालून येते हे कळल्यावर ती कुठून, हे बघायचं. नेहमीचे संशयित: मोरीची जाळी जिथे पाइपला मिळते तो सांधा, संडासाच्या भांड्यामागचा पाइप, भिंतीत दबलेली जुनी नळाची लाइन, आणि बाहेरून प्लिंथला, म्हणजे घराच्या जोत्याला, टेकून केलेले फुलझाडांचे वाफे. गळती नळाच्या लाइनमध्ये आहे का हे बघायला रात्री टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा आणि सकाळपर्यंत कोणी नळ सोडू नका. काकूंकडे खूण जागेवरच राहिली, पण मोरीत दोन बादल्या ओतल्यावर तासाभरात भिंतीपलीकडच्या सांध्याचा रंग बदलला. जाळीभोवतीचं सिमेंट गेलेलं होतं. काम एका प्लंबरचं, अर्ध्या दिवसाचं. फरशी बदलायची बोलणी चालली होती.

गळती थांबल्यावरही आत साठलेले क्षार काही काळ येतच राहतात. त्यांना बाहेर काढायची एक जुनी, बिनखर्ची युक्ती: साधा पांढरा टिशू पेपर प्यायच्या आरओच्या पाण्यात किंवा बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लगदा करा, बोटभर जाड थापा, आणि पूर्ण वाळू द्या. वाळताना लगदा क्षार ओढून घेतो. वाळलेला उचलून टाका, गरज पडली तर पुन्हा. नव्या घरात, नुकत्याच बसवलेल्या फरशीवर लोणा आला तर मात्र घाबरू नका. सिमेंटातलं पाणी वाळेपर्यंत तो येतो आणि मग आपोआप कमी होतो. फक्त कोरडं झाडत राहा.

लोणा चालू असताना फरशीवर कसलंही चमकवणारं कोटिंग मारू देऊ नका, कितीही स्वस्तात मिळालं तरी. क्षाराला वर यायची वाट बंद झाली की तो दगडाच्या आतच स्फटिक होतो, फुगतो, आणि फरशीचे पोपडे सुटतात. लोणा झाडता येतो, पोपडे जोडता येत नाहीत.

चरलेला दगड

इथे कुठलंही क्लीनर उपयोगाचं नाही, कारण काढण्यासारखं काही नाहीच. गेलेली सपाटी परत आणायची, म्हणजे घासायचं. देवघरासमोरच्या चट्ट्याएवढी जागा घरीही होते: हाताने वापरायचे डायमंड पॅड हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. नंबर जितका मोठा तितकं पॅड बारीक. ४०० पासून सुरुवात, मग ८००, १५००, ३०००, प्रत्येक वेळी पाणी घालत आणि गोल फिरवत, आणि प्रत्येक पॅड आधीपेक्षा थोड्या जास्त जागेवर, म्हणजे कडा दिसत नाही. चट्टा अगदी हलका असेल तर ८०० पासूनच लागा. घाई केली आणि मधला नंबर गाळला, तर आधीच्या पॅडचे ओरखडे पॉलिशखालून डोळे वटारून बघतात.

हॉलभर असेल तर घिसाईवाला बोलवावाच लागतो. दर ठरवायच्या आधी एकच विचारा: शेवटी काय लावणार? बरेच जण मशीनचा चिखल काढायला ॲसिडचा हात मारून देतात, आणि नवी घिसाई त्याच दिवशी जुनी होते. चिखल पाण्याने आणि वायपरनेच निघाला पाहिजे, हे आधी कबूल करून घ्या आणि त्या वेळी घरी थांबा.

ऑक्झॅलिकची पांढरी पावडर मात्र पॉलिशसाठी चालते. नाव ॲसिडचंच आहे, पण चुनखडीशी तिचं जे कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पृष्ठभागावर बारीक, घट्ट थर धरतं. हायड्रोक्लोरिकचं बनणारं मीठ वाहून जातं, याचं टिकतं. तरीही ही पावडर विषारी आहे. हातमोजे घाला, धूळ उडू देऊ नका, लहान मुलं त्या दिवशी आजीकडे, आणि उरलेली पुडी स्वयंपाकघरात तर कधीच नको.

ॲसिड आधीच लावून झालं असेल तर आजच एवढं करा: फरशी भरपूर पाण्याने धुवा, बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून ती पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने. चमक येणार नाही, पण आत राहिलेलं चरणं थांबेल. आणि ॲसिडवर किंवा टॉयलेटच्या लिक्विडवर ब्लीच कधीही ओतायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून घ्यायचा नियम आहे. फरशी पुसायला ओळखपत्र दाखवावं लागणारी वस्तू घरात का आणायची, हा माझा साधा प्रश्न.

हळदीबद्दल जाता जाता, कारण ते हमखास विचारतात. हळदीचा डाग साबणाने घासला की लाल होतो. अल्कली लागली की हळद रंग बदलते, घाबरायचं नाही. साध्या पाण्याने धुवा आणि उन्हाची तिरीप येत असेल तर येऊ द्या, हळद उन्हात फिकी पडते. सावलीत असेल तर केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड टाल्कम पावडरमध्ये कालवून रात्रभर झाकून ठेवा. तेलाच्या डागाला कोरडी टाल्कम पावडर, रात्रभर. रॉकेलने किंवा खोबरेल तेलाने कोटा काळा करायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. एक दिवस सुंदर दिसतो, मग धूळ धरतो.

सीलर लावायचा का?

सीलर म्हणजे दगडाने पाणी पिऊ नये म्हणून लावायचं द्रव. वर सांगितलेलं सगळं आटोपलं असेल आणि प्लास्टिकचा प्रयोग कोरडा निघाला असेल, तरच. फरशीवर पाण्याचे चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटांनी पुसा. खाली गडद ठिपका राहिला तर दगड पाणी पितोय, सीलरचा उपयोग होईल. राहिला नाही, तर पैसे वाचले. दुकानात "आत शिरणारा" म्हणजे सिलेन-सिलॉक्सेनचा मागा. वरून काचेसारखा थर धरणारा नको, तो चपलांनी ओरखडतो आणि ओल आली की सुटतो. आत शिरणारा सीलर पाणी, चहा यांना आत जायला वेळ लावतो, एवढंच त्याचं काम. लिंबाला तो अडवत नाही. काकूंनी पितळी भांडी घासायची जागा आता मोरीतल्या टाइल्सवर नेली आहे, आणि देवघरासमोरचा चट्टा घासून झाल्यावर तिथे सीलर लावायचा की नाही ते त्या थेंब टाकून ठरवणार आहेत, दिवाळीनंतर, ओल पुरती गेल्यावर.